जुन्या ट्रॉलीच्या कपाटांवर वॉशिंग मशीन ठेवता येईल का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

परभणीत आमचे स्वतःचे बैठे घर आहे. यंदा स्वयंपाकघर नव्याने केले, तेव्हा ओट्याखालची ट्रॉलीची दोन कपाटे आणि भिंतीवरचे एक कपाट निघाले. ती दिसायला चांगली असल्याने टाकवत नाहीत. आम्ही सात किलोचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतले असून ते मागच्या पडवीत, मोरीशेजारी ठेवले आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, पण कपड्यांचे काम त्यांना स्वतःच करायचे असते आणि मशीनच्या दारापर्यंत वाकणे त्यांना जमत नाही. कपाटे जोडून त्यांवर मशीन उंच बसवल्याचे व्हिडिओ मी पाहिले. आमचे सुतार म्हणतात, 'कपाटावर माणूस उभा राहिला तरी काही होणार नाही.' यजमान म्हणतात, लोखंडी स्टँडच करावा. कोणाचे ऐकावे? उंची किती ठेवावी? आणि उंच केल्यावर पाण्याची काही अडचण येईल का? आमची टाकी स्लॅबवर दोन फुटांच्या कट्ट्यावर आहे.
— एक वाचक, परभणी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा, म्हणजे पाण्याचा, प्रश्न बहुतेक लोक स्टँड तयार झाल्यावर विचारतात. तुम्ही तो आधी विचारला हे फार बरे केले. त्याकडे मी पुढे येतोच. आधी मुख्य प्रश्नाचे उत्तर देतो. कपाटे अवश्य वापरा, पण मशीनचा भार त्यांच्यावर टाकू नका. भार वीटकामाने किंवा लोखंडाने पेलावा आणि कपाटांनी त्याखालची जागा झाकावी, तिथे साबण-पावडर ठेवायला सोय करावी, एवढेच काम त्यांना द्यावे.

तुमच्या सुतारांचे म्हणणे खोटे नाही. सात किलोचे फ्रंट लोड मशीन साधारण ६० ते ७० किलो वजनाचे असते, कारण ते धुताना जागचे हलू नये म्हणून त्याच्या आत सिमेंटचे जड ठोकळे बसवलेले असतात. त्यात कपडे आणि पाणी धरले तरी एकूण भार ९० किलोंच्या आसपास राहतो. १८ मिलिमीटरच्या उभ्या फळ्या इतका भार सहज पेलतात आणि त्यांवर माणूस खरोखरच उभा राहू शकतो. परंतु उभा राहिलेला माणूस स्वतःभोवती मिनिटाला १,२०० फेरे घेत नाही. मशीनच्या स्टँडची परीक्षा वजनाने होत नाही, ती कपडे पिळताना होते.

थोडे गणित करून पाहू. पिळण्याच्या वेळी एखादा ओला टॉवेल ड्रमच्या एकाच बाजूला गोळा झाला आणि त्यामुळे ३०० ग्रॅमचा असमतोल राहिला, असे समजा. ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १,२०० फेरे असेल, तर त्या ३०० ग्रॅममुळे निर्माण होणारी ओढ सुमारे ११५ किलो वजनाइतकी असते आणि तिची दिशा सेकंदाला २० वेळा फिरते. वेग निम्मा केला, तर ही ओढ निम्मी होत नाही, ती एक चतुर्थांश होते. कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मशीनमधल्या स्प्रिंगा आणि डँपर यातला मोठा भाग आतल्या आत जिरवतात, पण उरलेला हादरा चार पायांतून खाली उतरतो आणि त्यातला बराचसा आडवा असतो. स्वयंपाकघरातले कपाट हे डब्यांचे, भांड्यांचे आणि वरच्या कडप्प्याचे उभे वजन घेण्यासाठी बनवलेले असते. त्याला कोणी रोज अर्धा तास डावी-उजवीकडे हलवणार आहे, हा विचार ते बनवताना कोणी केलेला नसतो.

अशा हादऱ्यांनी कपाट एकदम मोडत नाही, हीच त्यातली फसवी गोष्ट आहे. प्रथम चौकटीचे काटकोन सुटू लागतात. कपाटाला काटकोनात धरून ठेवण्याचे काम खरे तर त्याची पाठ करते, पण आपल्याकडे पाठीला बहुधा पातळ फळी चुका मारून बसवलेली असते आणि ओट्याखालच्या कित्येक कपाटांना तर ती नसतेच, भिंत हीच पाठ समजली जाते. मग स्क्रूची भोके मोठी होतात. कपाटाखाली उंची कमी-जास्त करण्याचे प्लास्टिकचे काळे पाय असतील, तर तेही आडव्या हादऱ्याने आपल्या खोबणीतून निसटतात. हे सारे होईपर्यंत काही महिने जातात आणि तोवर मशीन व्यवस्थित चालते आहे असेच सर्वांना वाटत राहते.

आता तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंविषयी. ते बहुतेक अमेरिकेतले असतात आणि त्यांत वापरलेली कपाटे ही फ्रिजच्या वर लावण्यासाठी तिथे तयार मिळणारी, १५ इंच उंच आणि २४ इंच खोल अशी असतात. म्हणजे उंची आणि खोली दोन्ही मशीनसाठी आयतीच जुळतात. शिवाय तिथले जाणकार लोकही ती नुसती जमिनीवर ठेवत नाहीत. खाली जाड लाकडी पट्ट्यांची चौकट करतात, कपाटे एकमेकांना आणि भिंतीला पक्की करतात, वर जाड प्लायवूड टाकतात आणि कडेने पट्टी मारतात. तुमची ओट्याखालची कपाटे मात्र ७० सेंटिमीटरच्या आसपास उंच असणार. मशीन स्वतः ८५ सेंटिमीटरचे असते. एकावर एक ठेवले तर मशीनचा माथा पाच फुटांच्याही वर जाईल आणि सासूबाईंना साबणाच्या कप्प्यात पावडर टाकण्यासाठी पाट घ्यावा लागेल. भिंतीवरचे कपाट जेमतेम ३० सेंटिमीटर खोल असते, त्यावर मशीनचे मागचे-पुढचे पाय एकाच वेळी मावणारच नाहीत. सारांश, काहीही करायचे म्हटले तरी कपाटे कापावी लागणार, आणि कापलेल्या कपाटाचे मूळचे बळ राहत नाही.

कापण्याआधी ती कशाची आहेत हेही पाहून घ्या. बिजागिरीच्या किंवा स्क्रूच्या भोकात टॉर्च धरून पाहिले तर कळते. पातळ थर एकावर एक दिसले तर ते प्लायवूड. लाकडाचा भुसा आणि कपच्या दाबून चिकटवल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. आणि जाड पुठ्ठ्यासारखा एकसंध पिवळसर भाग दिसला तर एमडीएफ. सिंकखालच्या कपाटाची खालची कड बोटाने चाचपून पहा. ती फुगलेली असेल तर वेगळी परीक्षा करण्याची गरज नाही. पार्टिकल बोर्ड पाण्याने एकदा फुगला की पुन्हा बसत नाही, आणि मोरीशेजारची जागा म्हणजे रोजचे पाणी. तिथे खाली ओल आणि वर हादरे अशा दुहेरी माऱ्यात तो टिकणार नाही. त्यात आपल्याकडे वाळवीचा त्रास आहेच. जमिनीला टेकलेला ओला बोर्ड तिला आमंत्रण देतो.

तर मग काय करावे? घर स्वतःचे आहे, मशीनची जागा ठरलेली आहे, म्हणून माझे मत स्पष्टपणे विटांच्या कट्ट्याच्या बाजूने आहे. सुतार आणि यजमान यांच्या वादात गवंड्याला जिंकवल्यासारखे होईल, पण जड कट्टा हादरे शोषून घेतो, त्याला गंज लागत नाही, वाळवी लागत नाही आणि खर्चही फारसा येत नाही. त्याची रचना अशी करावी. मशीन थोडे तिरके करून त्याच्या पायांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ६० सेंटिमीटर रुंदीच्या मशीनमध्ये ते बहुधा ५० ते ५४ सेंटिमीटर असते. ही दोन मापे, म्हणजे डावे-उजवे आणि पुढचे-मागचे अंतर, गवंड्याला कागदावर लिहून द्या; कारण सगळा कट्टा त्यांवरून ठरतो. दोन बाजूंना चार इंची विटांच्या भिंती घ्याव्यात. प्लास्टरसह प्रत्येक भिंत १२ सेंटिमीटरच्या आसपास होते. बाहेरून बाहेर माप ७२ सेंटिमीटर धरले, तर मध्ये ४७-४८ सेंटिमीटरची पोकळी राहते आणि मशीनचे पाय बरोबर भिंतींच्या वर येतात, मधल्या पोकळीवर येत नाहीत. मागच्या बाजूलाही भिंत हवी, नाहीतर कट्ट्याची पाठ उघडी राहील. खोली ६५ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे मशीनच्या मागे नळ्या दुमडू न देता वळवता येतील.

भिंती २८ सेंटिमीटर उंच आणि वर तीन इंचांचा सळई घातलेला स्लॅब असे केले, की एकूण उंची ३६ सेंटिमीटर होते. गवंडी म्हणतील, स्लॅब कशाला, कडप्पा टाकू. ओट्यावर कडप्पा ठीक असतो, परंतु सततच्या हादऱ्यांखाली एकेरी दगडाला एखादी आतली रेघ असेल तर ती कधीतरी उघडते. कडप्पा हौसेने हवाच असेल तर तो स्लॅबवर पूर्ण माल भरून बसवावा आणि त्याची खडबडीत बाजू वर ठेवावी, कारण गुळगुळीत पॉलिश केलेल्या दगडावर मशीन पिळताना सरकत जाते. कडेने दोन सेंटिमीटर उंचीची पट्टी उठवून घ्या, पण कोपऱ्यांत ती थोडी तोडा, म्हणजे कधी गळती झाली तर पाणी साचून राहणार नाही. उन्हाळ्यात काम काढणार असाल तर स्लॅबवर ओले गोणपाट टाकून किमान सात दिवस पाणी मारावे. परभणीच्या उन्हात सकाळी मारलेले पाणी दुपारपर्यंत उरत नाही, तेव्हा दिवसातून दोनदा तरी मारावे लागेल. मशीन चढवण्याची घाई दोन आठवडे तरी करू नये.

कट्टा बांधण्याआधी पडवीची जमीन मात्र तपासा. शहाबादी फरशी असेल तर ती ठिकठिकाणी वाजवून पहा. पोकळ आवाज येत असेल तर त्या जागेची फरशी काढून खाली काँक्रीट करून घ्या. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुख्य घराचा पाया खोल असतो म्हणून ते फारसे हलत नाही, पण मागाहून जोडलेल्या पडवीची जमीन बहुधा थोड्याशा मुरमावर टाकलेली असते आणि ती ऋतूनुसार खाली-वर होते. त्यामुळे आज पाणसळ लावून बसवलेले मशीन दिवाळीपर्यंत एका पायावर डुगडुगू लागले, तर दोष मशीनचा आहे असे लगेच समजू नका. दर पावसाळ्यानंतर पाणसळ ठेवून पाय पुन्हा जुळवून घ्यावेत. शिवाय मोरीजवळच्या जमिनीला उतार असतो आणि तो असायलाच हवा. साठ सेंटिमीटरच्या अंतरात एक सेंटिमीटर फरक सहज निघतो. हा फरक कट्ट्याच्या बांधकामात काढून टाका; मशीनचे पाय लांब सोडून काढू नका. ते पाय जितके आत वळवलेले असतील, तितके मशीन स्थिर राहते.

यजमानांचा लोखंडी स्टँडचा आग्रह कायम राहिला, किंवा पुढे घर बदलण्याचा विचार असला, तर तोही उत्तम पर्याय आहे, फक्त बाजारात मिळणारा चाकांचा सरकता स्टँड घेऊ नका. तो वरून कपडे टाकण्याच्या हलक्या मशीनला किंवा फ्रिजला चालून जातो. वेल्डिंगवाल्याकडून ४० बाय ४० मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप वापरून स्टँड करून घ्यावा. चार उभे पाय बरोबर मशीनच्या पायांखाली यावेत, आणि मागे व दोन्ही बाजूंना तिरपे पाइप जोडलेले असावेत. हे तिरपे पाइप वेल्डर बहुधा टाळतो, कारण त्यांच्याशिवायही स्टँड हाताला मजबूत लागतो. परंतु आडवा हादरा घेण्याचे सगळे काम तेच करतात, म्हणून त्यांवर अडून बसा. पाइपची उघडी तोंडे बंद करून घ्यावीत, नाहीतर आत शिरलेल्या पाण्याने तो आतून गंजत जातो. रेड ऑक्साइडचा हात देऊन वर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत आणि पायांखाली चार इंची चौकोनी जाड पत्रे लावून ते फरशीला फास्टनरने आवळावेत.

आणि सुतारांचे मन राखून लाकडाचाच स्टँड करायचा झाला तर? कपाटे खरोखर प्लायवूडची निघाली तरच त्याचा विचार करावा. त्या वेळी कपाट कापून बसवण्यापेक्षा ते पूर्ण सुटे करून फळ्यांमधून नवीन पेटी बांधायला सांगा: मशीनच्या पायांखाली येतील अशा उभ्या फळ्या, माथ्यावर १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या एकमेकींवर चिकटवून, पाठीला निदान १२ मिलिमीटरची फळी, प्रत्येक कोपऱ्यात आतून लाकडी ठोकळा, आणि नुसत्या चुका न मारता फेविकॉलसह दोन इंची स्क्रू. नवीन फळी घ्यावी लागली तर तिच्यावर आयएस ७१० ही भारतीय मानकाची खूण पहा. पाण्याजवळच्या कामासाठी तेच प्लायवूड योग्य. पेटीखाली ग्रॅनाइटच्या पट्ट्या देऊन ती जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर उचलावी आणि सर्व कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात. इतके सगळे केल्यावर खर्च लोखंडी स्टँडइतकाच होतो, हे सुतारांना सांगायला हरकत नाही.

मग तुमच्या कपाटांचे काय? कट्ट्याच्या किंवा स्टँडच्या पोटात जी ४७ सेंटिमीटरची जागा राहते, तिच्यात कपाटाच्या फळ्यांपासून केलेली सुटी पेटी सरकवावी, तिला ट्रॉलीचे दर्शनी शटर कापून लावावे. या पेटीने मशीनच्या स्लॅबला कुठेही टेकू द्यायचा नाही. वर बोटभर अंतर सोडा, म्हणजे हादऱ्याने शटर खडखडणार नाही. ट्रॉलीचे चॅनेलही उपयोगी पडतील. पेटीच्या माथ्याशी एक सरकती फळी त्या चॅनेलवर बसवली, तर कपडे काढताना टोपले तिच्यावर ठेवता येईल आणि सासूबाईंना ओझे घेऊन वाकावे लागणार नाही. मला विचाराल तर संपूर्ण कामातली सर्वांत उपयोगी वस्तू हीच ठरेल. फक्त ती फळी पुढे ओढल्यावर तिच्यावर भर देऊन उठण्याचा मोह होतो. गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसासाठी उठताना धरायला शेजारच्या भिंतीत एक वेगळी पक्की दांडी बसवून द्या.

उंची ३६ सेंटिमीटरच का, तर दाराची खालची कड जमिनीपासून साधारण ६५ ते ७० सेंटिमीटरवर येते आणि साबणाचा कप्पा ११५ सेंटिमीटरच्या आसपास राहतो. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला उभ्याने कपडे काढता येतात आणि कप्प्यात डोकावताही येते. तरीही आकड्यावर विसंबू नका. चार विटा आणि एक पाट मांडून खोटा कट्टा करा, त्यावर दाराच्या उंचीवर टोपले ठेवा आणि सासूबाईंना त्यातून कपडे काढून पाहायला सांगा. त्या स्टुलावर बसून काम करणार असतील तर उंची २५ ते ३० सेंटिमीटरच पुरेल. ही वापरणाऱ्याची बाब आहे, गवंड्याची नाही.

आता पाणी. मशीनला पाणी भरताना किमान दाब लागतो आणि तो मशीनबरोबरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. कित्येक मशीनमध्ये तो ०.०३ मेगापास्कल, म्हणजेच ०.३ बार असतो, काहींमध्ये ०.०५ मेगापास्कल. टाकीच्या भाषेत सांगायचे तर ०.३ बार म्हणजे तीन मीटर उंचीवरचे पाणी. तुमचे घर बैठे आहे. दहा फुटांची खोली, स्लॅबची जाडी आणि त्यावर दोन फुटांचा कट्टा मिळून टाकीचा तळ जमिनीपासून सुमारे ३.८ मीटरवर येतो. मशीनच्या पाणी घेण्याचे तोंड मागे, जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे आजच, टाकी तळाला गेलेली असताना, जेमतेम तीन मीटर उरतात. मशीन ३६ सेंटिमीटर वर गेले की ते २.६ मीटर होतील. टाकी भरलेली असताना वरचे मीटरभर पाणी मदतीला येईल आणि मशीन उत्तम चालेल. अर्धी झाली की पाणी सावकाश भरेल, आणि तळाला आली की मशीन पाणी मिळत नसल्याची खूण दाखवून थांबेल. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे टाकी तळाला जाणे हा अपवाद नसतो, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. म्हणून पुस्तिकेतला आकडा आधी पहा. तो ०.०५ असेल तर टाकीचा कट्टा वाढवूनही भागणार नाही. मशीनच्या नळावर छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल. तो ०.०३ असेल, तर टाकीखालचा कट्टा दोन-अडीच फुटांनी वाढवून घेणे पुरेसे आहे, मात्र भरलेल्या टाकीचे वजन हजार लिटरला एक टन होते, तेव्हा तो कट्टा भिंतीवर किंवा तुळईवर येईल असे पहा. बोअरचे पाणी वापरत असाल तर पाणी घेण्याच्या तोंडातली बारीक जाळी क्षाराने बुजते आणि दाब कमी पडल्यासारखेच वाटते. ती जाळी आधी काढून घासून घ्या.

सांडपाण्याच्या नळीत एक वेगळीच गंमत होते. तुमच्याकडे ती बहुधा नुसती मोरीत सोडलेली असणार. मशीनच्या पाठीवर ही नळी एका आकड्यात वर अडकवून मग खाली येते, आणि ते वळण उंच ठेवण्याला कारण आहे. नळीचे तोंड टबातल्या पाण्यापेक्षा खाली असेल आणि वळणही खाली आले, तर पाणी आपोआप ओढले जाऊन वाहतच राहते. मशीन भरत राहते, पाणी जात राहते, आणि धुणे काही संपत नाही. मशीन उंच केल्यावर खालपर्यंतचा उतार वाढतो, म्हणून हा धोकाही वाढतो. तेव्हा नळीचे वळण मशीनच्या बुडापासून निदान ६० सेंटिमीटर उंच राहू द्या, नळी आखूड पडली तर ती वळणापासून खाली न ओढता कंपनीची लांब नळी बसवून घ्या, आणि तिचे तोंड मोरीच्या जाळीत घट्ट खुपसू नका. भोवती हवा जायला जागा हवी. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले ते २०१६ साल आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे खंगाळण्याचे पाणी मोरीत न सोडता पिंपात साठवायचे असेल, तर उंच मशीनमुळे मध्यम आकाराचे पिंप नळीखाली सहज बसेल. नळीचे तोंड पिंपातल्या पाण्यात बुडणार नाही एवढे वर बांधा. साबणाचे पहिले पाणी संडासात टाकण्याला आणि शेवटचे खंगाळणीचे पाणी पडवी धुण्याला वापरता येते.

विजेबाबत थोडक्यात. पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर बहुधा २,००० वॉटच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचे सॉकेटच हवे आणि एक्स्टेंशन बोर्ड मुळीच नको. मशीन वर गेल्यावर वायर ताणली जात असेल तर सॉकेट वर घ्या, पण पाण्याच्या नळाच्या खाली नको. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर बसवा, विशेषतः लोखंडी स्टँड करणार असाल तर.

मशीन चढवताना खालच्या फिल्टरमधून आतले पाणी काढून टाका आणि ते दार किंवा वरचे झाकण धरून उचलू देऊ नका. घेतल्यावर आलेले वाहतुकीचे लांब बोल्ट असतील तर उचलण्यापुरते लावा आणि बसवल्यावर आठवणीने काढा. ते राहून गेले तर कोणताही कट्टा मशीनला स्थिर ठेवू शकणार नाही. पायांखाली जाड रबराच्या चकत्या ठेवा, पाणसळ पाहून चारही पाय टेकवा आणि त्यांच्या वरचे नट आवळा. पहिल्या दिवशी कपडे न घालता पिळण्याचे चक्र चालवा, मग टॉवेल घालून कमी वेगावर, आणि नंतर पूर्ण वेगावर. हात कट्ट्यावर ठेवून पहा; बारीक थरथर चालते, पण मशीन जागेवरून सरकता कामा नये. गोधडी किंवा वाकळ मात्र एकटी टाकू नका. ओली झाली की ती एका बाजूला गोळा होते आणि वर मी दाखवलेले गणित तीनशे ग्रॅमवर थांबत नाही. सोबत दोन टॉवेल टाका किंवा पिळण्याचा वेग ८०० वर ठेवा.

कामाला माणसे बोलावण्याचा क्रम एवढा पाळा: प्रथम प्लंबरला दाखवा, मग गवंडी, आणि पेटीच्या मापासाठी सुतार सर्वांत शेवटी, कट्ट्याचे प्लास्टर वाळल्यावर. उरलेले भिंतीवरचे कपाट पार्टिकल बोर्डचे निघाले, तर ते पडवीत टांगू नका. आत कोरड्या खोलीत पुस्तकांना किंवा औषधांना ते अजून बरीच वर्षे चालेल.